तार डुकरासाठी लावली, मेला वाघ! शिकारीचा कायदा नेमकं काय सांगतो?

२०१७ चा एप्रिल महिना. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड भागात वनविभागाची माणसं एका वाघाचा माग काढत होती. वाघाचं नाव श्रीनिवास. उमरेड-कऱ्हांडल्याच्या ज्या 'जय' वाघाने त्या काळात अख्ख्या महाराष्ट्राला वेड लावलं होतं, त्याचा हा पोरगा. गळ्यात रेडिओ कॉलर असलेला. शोधता शोधता श्रीनिवास सापडला, पण जमिनीखाली. एका शेतात त्याला पुरलं होतं.

शेताला विजेची तार लावली होती, ती रानडुकरांसाठी. डुकरं आली नाहीत, वाघ आला आणि तारेला चिकटून मेला. मग घाबरून त्याला पुरण्यात आलं.

या सगळ्यात कुणी बंदूक उचलली नव्हती. वाघ मारायचा कुणाचा बेतही नव्हता. तरीही अशी तार लावणं ही कायद्याच्या भाषेत शिकारच आहे.

अशी बातमी आली की सोशल मीडियावर दोन गट पडतात. एक गट म्हणतो, "याला फाशी द्या." दुसरा म्हणतो, "डुकरं पीक खातात तेव्हा तुम्ही कुठे असता?" दोन्हीकडचा राग खरा असतो. पण शिकार म्हणजे नेमकं काय, शिक्षा किती होते आणि शेतकऱ्याला कायद्यात वाट आहे का, हे दोन्हीकडच्या फार कमी लोकांना माहीत असतं.

तेच जरा सविस्तर बघू.

शिकार म्हणजे फक्त गोळी घालणं नाही

भारतात शिकारीबद्दलचा मुख्य कायदा म्हणजे वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२. या कायद्याच्या कलम २ मध्ये शिकारीची व्याख्या दिली आहे आणि ती आपल्या डोक्यातल्या शिकारीपेक्षा बरीच मोठी आहे.

वन्य प्राण्याला मारणं ही शिकार, हे तर कुणीही सांगेल. पण विष घालणं, पकडणं, फासा लावणं, जाळं टाकणं, हाका घालून पळवणं आणि आमिष दाखवणं हेही शिकारीतच मोडतं. जखमी करणं किंवा शरीराचा एखादा भाग काढून घेणं हीसुद्धा शिकार. पक्षी आणि सरपटणारे प्राणी यांच्या बाबतीत तर अंडी फोडणं, अंड्यांना किंवा घरट्याला त्रास देणं हेही त्यात येतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यातला प्रयत्नसुद्धा गुन्हा आहे. म्हणजे रात्री वाघर लावली आणि सशाने हुलकावणी दिली, तरी लावणारा सुटत नाही. गव्हाच्या गोळ्यात गावठी बॉम्ब ठेवला आणि डुकराने तो खाल्लाच नाही, तरी तेच. विजेच्या तारेचंही तसंच आहे. तारेला काय चिकटलं ही पुढची गोष्ट, प्राण्यांसाठी सापळा म्हणून तार लावली तिथेच गुन्हा सुरू होतो.

"साधं तितर होतं हो", "ससाच तर होता", ही सबब इथे चालत नाही. कायद्याच्या पहिल्या दोन अनुसूचींमध्ये जे जे प्राणी आहेत, त्या सगळ्यांच्या शिकारीवर कलम ९ ने बंदी आहे. वाघ, बिबट्या, काळवीट, मोर, खवले मांजर, घोरपड ही मंडळी पहिल्या अनुसूचीत आहेत. रानडुक्कर आणि नीलगाय, म्हणजे विदर्भातली रोही, दुसऱ्या अनुसूचीत. अनुसूची बदलली की शिक्षा बदलते, बंदी मात्र दोन्हीकडे आहे.

शिक्षा किती होते?

२०२२ मध्ये संसदेने या कायद्यात मोठी दुरुस्ती केली आणि ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. सहा अनुसूचींच्या चार झाल्या आणि दंडाच्या रकमा वाढल्या. आजचं चित्र साधारण असं आहे.

दुसऱ्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार अभयारण्याबाहेर केली, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. दुरुस्तीआधी दंडाची मर्यादा २५ हजार होती.

पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याची शिकार असेल, किंवा कोणत्याही संरक्षित प्राण्याची शिकार अभयारण्यात वा राष्ट्रीय उद्यानात केली असेल, तर किमान तीन वर्षं आणि जास्तीत जास्त सात वर्षं कैद. सोबत किमान २५ हजार रुपये दंड. इथे 'किंवा' हा शब्द नाही, कैद आणि दंड दोन्ही. पुन्हा असाच गुन्हा सिद्ध झाला तर दंड किमान एक लाख.

व्याघ्र प्रकल्पातल्या शिकारीसाठी २००६ मध्ये वेगळी तरतूद आली. पहिल्या वेळी तीन ते सात वर्षं कैद आणि ५० हजार ते दोन लाख दंड. दुसऱ्यांदा सापडला तर किमान सात वर्षं कैद आणि दंड पाच लाखांपासून ५० लाखांपर्यंत.

याशिवाय ज्या गाडीतून शिकार केली ती गाडी, बंदूक, जाळं, सगळं जप्त होऊ शकतं. गुन्हा सिद्ध झाल्यावर कोर्ट बंदुकीचा परवाना रद्द करू शकतं आणि मग पाच वर्षं नवा परवाना मिळत नाही. अभयारण्यातल्या शिकारीत "पहिलाच गुन्हा आहे, चांगल्या वागणुकीच्या हमीवर सोडा" ही सवलतही अठरा वर्षांवरच्या माणसाला नाही.

छोट्या गुन्ह्यांत वनविभाग तडजोड करून रक्कम भरून घेऊ शकतो. ती मर्यादा आता पाच लाखांपर्यंत गेली आहे. पण ज्या गुन्ह्याला किमान कैद सांगितलेली आहे, तिथे तडजोडीचा मार्ग बंद. म्हणजे तारेला डुक्कर चिकटलं तर कदाचित पैसे भरून प्रकरण मिटेल, बिबट्या चिकटला तर मिटणार नाही. आणि रात्रीच्या अंधारात तारेला काय चिकटेल, हे तार लावणाऱ्याच्या हातात नसतं.

वर वीजचोरीचा गुन्हा वेगळा. विद्युत कायदा, २००३ खाली त्यालाही तीन वर्षांपर्यंत कैद आहे. अशा तारेने माणूस दगावला तर भारतीय न्याय संहितेखाली निष्काळजीपणाने मृत्यू किंवा सदोष मनुष्यवधाचं कलम लागू शकतं. शेजारच्या शेतात पाणी द्यायला निघालेला माणूस अशा तारेला लागून गेल्याच्या बातम्या राज्यात अधूनमधून येतच असतात.

पण पूर्वी तर शिकार चालायची ना?

चालायची. नुसती चालायची नाही, तर कायदा तिला परवाना द्यायचा.

इंग्रजांनी १९१२ मध्ये वन्य पक्षी आणि प्राणी संरक्षणाचा कायदा केला. त्यात विणीच्या हंगामात शिकार बंद, अशा स्वरूपाची बंधनं होती. स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये स्वतःचा वन्य प्राणी आणि पक्षी संरक्षण कायदा केला. तोही परवाना पद्धतीचाच. परवाना काढा, हंगाम पाळा, शिकार करा.

गाडी फिरली ती १९६९ नंतर. त्या वर्षी दिल्लीत आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघटनेची परिषद भरली आणि भारतातल्या वाघाची अवस्था जगासमोर आली. १९७० मध्ये वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ च्या गणनेत देशात अवघे १,८२७ वाघ असल्याचा अंदाज निघाला. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायदा आला आणि १९७३ मध्ये व्याघ्र प्रकल्प सुरू झाला.

सुरुवातीला या कायद्यातही काही प्राण्यांच्या शिकारीचे परवाने मिळायचे. १९९१ च्या दुरुस्तीने ते दार बंद झालं. म्हणजे "आजोबा परवाना काढून शिकारीला जायचे" ही गोष्ट खोटी नाही, पण ती आता भिंतीवरच्या फोटोपुरती राहिली आहे. भिंतीवर सांबराचं शिंग असेल तर त्याचीही कागदपत्रं लागतात, कारण मालकीचा दाखला नसलेलं शिंग, कातडं किंवा नख घरात ठेवणं हाही गुन्हा आहे.

बंदीचा परिणाम काय झाला? २०२२ च्या गणनेत देशात ३,६८२ वाघ असल्याचा अंदाज आला. त्यातले ४४४ महाराष्ट्रात. शिकारबंदी हे त्यामागचं एकमेव कारण नाही, पण तिच्याशिवाय हे झालं नसतं.

शिकारीलाही नियम होते

कायदा येण्याआधी शिकार म्हणजे नुसता धुडगूस होता, असंही नाही. शिकार करणाऱ्यांचे आपापले नियम होते.

बंदुकीवाल्या शिकाऱ्यांची एक आचारसंहिता होती. पिल्लं सोबत असलेल्या मादीवर गोळी चालवायची नाही. जनावर जखमी होऊन पळालं तर त्याचा माग काढून त्याची सुटका करायची, तसंच तडफडत सोडून घरी जायचं नाही. हे सगळे पाळायचे असं मुळीच नाही. संस्थानिक आणि इंग्रज साहेबांनी एकेका मोहिमेत मारलेल्या जनावरांचे ढीग जुन्या फोटोंमध्ये दिसतात. पण नियम मोडला हे कळायला आधी नियम असावा लागतो, तो होता.

दुसरी परंपरा पोटासाठी शिकार करणाऱ्यांची. पर्यावरणशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि मानववंशशास्त्रज्ञ कैलाश मल्होत्रा यांनी पश्चिम महाराष्ट्रातल्या भटक्या जमातींचा अभ्यास केला, तेव्हा एक लक्षात येण्यासारखी गोष्ट पुढे आली. एकाच मुलखात फिरणाऱ्या जमातींनी प्राणी जणू वाटून घेतले होते. फासेपारधी फासे लावून हरणं आणि पक्षी धरायचे. तिरमल नंदीवाले कुत्र्यांच्या मदतीने रानडुक्कर, साळिंदर, घोरपड यांच्या मागे जायचे. वैदूंची शिकार आणखी वेगळी. आणि फासेपारध्यांच्या फाश्यात गाभण हरणी किंवा पाडस अडकलं, तर ते सोडून द्यायची रीत होती.

ही रीत कशामुळे शक्य होती? फाश्यात अडकलेलं जनावर जिवंत असायचं आणि फासा लावणारा माणूस तिथे यायचा. काय धरायचं आणि काय सोडायचं, हे तो ठरवू शकत होता.

विजेच्या तारेत ही सोयच नाही. तार लावणारा घरी झोपलेला असतो. तारेजवळ गाभण डुकरीण आली काय, वाघाचा बछडा आला काय, की शेजारच्या घरातला माणूस आला काय, तारेला फरक कळत नाही. गावठी बॉम्बचं तसंच. जबडा फुटलेलं जनावर लगेच मरत नाही, कित्येक दिवस अन्नपाण्यावाचून फिरतं आणि मग मरतं. विष घातलेलं मांस खाऊन बिबट्या मरतो, मग तेच मांस खाणारी गिधाडं मरतात.

म्हणून शिकारीच्या नीतीचा प्रश्न "मारलं की नाही" एवढ्यावर संपत नाही. मारणाऱ्याला गरज होती का, त्याला सोडून देण्याची संधी होती का आणि जनावर किती वेळ तडफडलं, हे प्रश्न कायद्याच्याही आधीपासूनचे आहेत. आज वापरात असलेल्या तार, बॉम्ब आणि विष या तिन्ही पद्धती जुन्या पारध्याच्या कसोटीवरही नापास होतात.

जाता जाता एक सांगायला हवं. शिकारीची बातमी आली की पारधी समाजाकडे बोट दाखवलं जातं. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याखाली अशा अनेक जमातींवर जन्मजात गुन्हेगार असल्याचा शिक्का मारला. १९५२ मध्ये तो कायदा रद्द झाला, शिक्का मात्र लोकांच्या डोक्यात राहिला. १९७२ च्या कायद्याने त्यांची पारंपरिक उपजीविका गेली आणि बदल्यात दुसरं काही फारसं हाती आलं नाही. जंगलात फासा लावणारा हात गरिबाचा असतो, पण त्यातून मोठा पैसा कमावणारा शहरात बसलेला असतो. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पातले वाघ २००५ पर्यंत संपले, तेव्हा पुढे आलेलं संसार चंद हे नाव अशाच व्यापाऱ्याचं होतं. तो दिल्लीत बसून कातडी आणि हाडांचा धंदा चालवायचा.

परदेशात शिकार चालते, मग इथे का नाही?

कमेंटमध्ये हमखास येणारा प्रश्न. अमेरिकेत राहणारा एखादा मराठी माणूस ऑफिसातल्या सहकाऱ्यांना हरणाच्या शिकारीला जाताना बघतो, तेव्हा त्यालाही हाच प्रश्न पडतो.

तिकडे शिकार कायदेशीर आहे, पण मोकाट नाही. प्रत्येक राज्याचा परवाना, ठरलेला हंगाम, एका माणसाने किती जनावरं मारायची याची मर्यादा. बंदुका आणि काडतुसांवरच्या कराचा पैसा १९३७ च्या कायद्यानुसार वन्यजीव संवर्धनाकडे वळवला जातो. एका राज्यात नियम मोडून परवाना गेला, तर बहुतेक राज्यांनी आपसात केलेल्या करारामुळे तो इतर राज्यांतही जातो. बेकायदा मारलेलं जनावर राज्याच्या हद्दीबाहेर नेलं, तर १९०० सालचा लेसी कायदा लागतो आणि प्रकरण केंद्राकडे जातं.

ही सगळी व्यवस्था उभी राहायला मोजणी लागते आणि तपासणीला माणसं लागतात. भारतात जंगलाला लागून शेती आहे, शेतीला लागून गाव आहे आणि एका वनरक्षकाकडे मोठा इलाखा आहे. इथे परवाना देऊन त्यावर नजर ठेवणं जमणार नाही, असं मानून सरसकट बंदी आणली गेली. ती योग्य की अयोग्य यावर वाद होऊ शकतो. पण तिकडची फक्त बंदूक उचलून आणायची आणि नियम तिकडेच ठेवायचे, हे काही खरं नाही.

जीव वाचवायला मारलं तर? पीक वाचवायला मारलं तर?

कायद्यातला हा सगळ्यात कामाचा भाग आहे.

कलम ११ सांगतं की स्वतःचा किंवा दुसऱ्याचा जीव वाचवण्यासाठी प्रामाणिकपणे वन्य प्राण्याला मारलं किंवा जखमी केलं, तर तो गुन्हा नाही. बिबट्याने अंगावर झेप घेतली आणि माणसाने कोयता चालवला, तर कायदा त्याच्या बाजूने आहे. अट एकच, त्या वेळी तो स्वतः काही बेकायदा करत नसावा. शिकारीला गेला आणि अस्वल अंगावर आलं, ही सबब चालणार नाही. मेलेलं जनावर मात्र सरकारचं.

पण ही सूट जिवासाठी आहे, पिकासाठी नाही. डुकरांनी भुईमूग उकरला म्हणून स्वतःच्या निर्णयाने त्यांना मारणं हा गुन्हाच ठरतो.

मग शेतकऱ्याने काय करायचं? दुसऱ्या अनुसूचीतला प्राणी माणसाच्या जिवाला किंवा मालमत्तेला धोका ठरत असेल, तर मुख्य वन्यजीव रक्षक किंवा त्यांनी अधिकार दिलेला अधिकारी त्याला मारण्याची लेखी परवानगी देऊ शकतो. मालमत्तेत उभं पीकही येतं, हे कायद्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. रानडुक्कर आणि रोही यांच्याबाबत महाराष्ट्रात २०१५ चा शासन निर्णय आहे.

आणखी एक मार्ग केंद्राकडे आहे. कलम ६२ खाली केंद्र सरकार एखाद्या भागापुरता आणि ठरावीक काळापुरता एखादा प्राणी 'उपद्रवी' जाहीर करू शकतं. मग तेवढ्या काळात त्याच्या शिकारीवर बंदी राहत नाही. बिहारमध्ये नीलगाय आणि रानडुक्कर यांच्याबाबत असं झालं होतं. २०१६ मध्ये मोकामा भागात बाहेरून नेमबाज बोलावून दोनशेहून जास्त नीलगायी मारल्या गेल्या, तेव्हा मनेका गांधी आणि त्या वेळचे पर्यावरणमंत्री प्रकाश जावडेकर हे एकाच सरकारमधले दोन मंत्री जाहीरपणे भिडले होते.

कागदावर मार्ग आहेत. अडचण गावात आल्यावर कळते. परवानगी मिळाली तरी मारायचं कुणी? परवानाधारक बंदूक किती जणांकडे? रात्री अंधारात गोळी चुकली तर? अर्ज, पंचनामा, हेलपाटे यात आठवडा गेला तर पीक कुणाचं? आणि विजेची तार मात्र आज संध्याकाळी लावता येते, तिला खर्च जवळपास शून्य. शेतकरी तारेकडे वळतो त्याचं कारण क्रौर्य कमी आणि हे गणित जास्त.

यावर निदान एक कायदेशीर पर्याय आहे, सौरकुंपण, म्हणजेच लोकांच्या भाषेत झटका मशीन. त्यात प्रवाह क्षणभरच येतो, जनावराला जोराचा झटका बसतो पण ते मरत नाही. जंगलालगतच्या गावांसाठी डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून त्याला अनुदान मिळतं. मात्र मशीनच्या नावाखाली थेट खांबावरचा आकडा जोडला, तर ते कुंपण राहत नाही, सापळा होतो.

सरकारलाही थेट गोळी घालता येत नाही

वाघ-बिबट्यासारख्या पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबत नियम आणखी कडक आहे. तो माणसाच्या जिवाला धोका ठरला आहे, किंवा बरा न होण्याइतका जखमी वा आजारी आहे, हे मुख्य वन्यजीव रक्षकाने ठरवायचं. तेही कारणं लिहून. त्याला पकडता, बेशुद्ध करता किंवा दुसरीकडे हलवता येत नाही याची खात्री झाल्याशिवाय मारण्याचा आदेश देता येत नाही.

यवतमाळच्या अवनी वाघिणीचं प्रकरण त्यामुळेच पेटलं होतं. पांढरकवडा-राळेगाव भागात १३ माणसांचे बळी तिच्या नावावर लागले होते. २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री तिला गोळी घालण्यात आली. मारण्याच्या आदेशात हस्तक्षेप करायला सुप्रीम कोर्टाने आधीच नकार दिला होता. वाद झाला तो पद्धतीवर. आधी बेशुद्ध करायचा खरा प्रयत्न झाला का, रात्री गोळी का चालवली, नियमांचं पालन झालं का, यावर चौकश्या झाल्या.

पुणे जिल्ह्यात २०२५ मध्ये शिरूर तालुक्यातल्या पिंपरखेड परिसरात बिबट्याने माणसांचे जीव घेतले, तेव्हा लोक रस्त्यावर उतरले आणि अखेर बिबट्याला ठार करण्यात आलं. त्यानंतर बिबट्याला पहिल्या अनुसूचीतून दुसरीत टाकण्याच्या मागणीने जोर धरला. तसं झालं तर बिबट्याला मारण्याची परवानगी सोपी होईल आणि त्याच्या शिकारीची शिक्षाही हलकी होईल. ही दोन्ही टोकं एकाच दोरीची आहेत, हे या मागणीवर मत देताना लक्षात ठेवावं लागतं. उसाच्या फडात लहानाचा मोठा झालेला बिबट्या ही जुन्नर-शिरूरच्या माणसाची रोजची भीती आहे. पण अनुसूची बदलल्याने उसातला बिबट्या कमी होईलच असं नाही, कातडीच्या धंद्यातल्या माणसाचा धोका मात्र नक्की कमी होईल.

एवढी शिक्षा आहे, मग आरोपी सुटतात कसे?

देशातलं सगळ्यात गाजलेलं उदाहरण सगळ्यांना माहीत आहे. १९९८ मध्ये जोधपूरजवळच्या कांकाणी गावात काळविटांची शिकार झाली. बिष्णोई समाजाच्या लोकांनी प्रकरण लावून धरलं. ५ एप्रिल २०१८ ला कोर्टाने सलमान खानला पाच वर्षांची शिक्षा सुनावली आणि दोन दिवसांनी त्याला जामीन मिळाला. बाकीचे कलाकार पुराव्याअभावी सुटले. घटनेपासून खालच्या कोर्टाच्या निकालापर्यंत जवळपास वीस वर्षं गेली.

हे प्रकरण मोठ्या माणसाचं होतं म्हणून लक्षात राहिलं. बाकीच्या प्रकरणांतही अडचणी त्याच असतात.

एक, गुन्हा जंगलात, रात्री आणि साक्षीदाराविना होतो. वनविभागाला कळेपर्यंत मांस शिजलेलं असतं.

दोन, भांड्यातलं मांस रानडुकराचं की गावठी डुकराचं, हे कोर्टात सिद्ध करावं लागतं. त्यासाठी नमुना हैदराबादच्या सीसीएमबी किंवा डेहराडूनच्या भारतीय वन्यजीव संस्थेसारख्या ठिकाणी जातो. नमुना नीट सील केला नाही, पंचनाम्यात तारीख चुकली, की बचावाचा वकील तिथेच बोट ठेवतो.

तीन, पंच फितूर होतात. गावातलाच पंच, गावातलाच आरोपी.

कायद्याने यावर काही उपाय केले आहेत. संरक्षित प्राण्याचं मांस किंवा कातडं ताब्यात सापडलं, तर ते बेकायदाच आहे असं कोर्ट धरून चालतं, उलट सिद्ध करायची जबाबदारी आरोपीवर. सहायक वनसंरक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यासमोर, आरोपीच्या उपस्थितीत नोंदवलेली साक्ष पुढे खटल्यात वापरता येते. राज्याराज्यांत पसरलेल्या टोळ्यांसाठी २००७ मध्ये केंद्राने वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो उभा केला.

म्हणजे कायद्यात दात आहेत. पण शिक्षा तीनची सात वर्षं केली तरी, पकडलं जायची भीती नसेल तर तो आकडा कागदावरच राहतो. शेतात तार लावणारा माणूस सात वर्षांचा हिशोब करत नाही. आपल्याला कोण बघतंय, एवढाच हिशोब तो करतो.

यात तुमच्या मोबाइलचं काय काम?

बरंच आहे. मारलेल्या डुकरासोबत, सशांच्या जुडीसोबत काढलेला फोटो स्टेटसला टाकला, की तो तपासाचा धागा होतो. 'जुना फोटो आहे', 'नेटवरचा आहे' हे नंतर सांगत बसावं लागतं. मांडूळ, खवले मांजर, घोरपडीचं तेल यांचे व्हिडिओ फॉरवर्ड करणाऱ्याला गंमत वाटते, पण त्या अंधश्रद्धेवरच हा बाजार चालतो.

तुम्हाला रस्त्यात मेलेला मोर दिसला तरी पिसं उपटून घरी आणू नका. मेलेला संरक्षित प्राणी किंवा त्याचा भाग हाती आला, तर ४८ तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा वनाधिकाऱ्याला कळवणं कायद्याने बंधनकारक आहे. शेतात संशयास्पद तार, फासा किंवा जखमी जनावर दिसलं तर महाराष्ट्र वनविभागाचा टोल फ्री नंबर १९२६ आहे. तारेजवळ स्वतः जाऊ नका, आधी वीज कंपनीला कळवा. माहिती देणाऱ्याला बक्षीस द्यायची तरतूदही कायद्यात आहे. आणि वनविभाग हललाच नाही, तर साठ दिवसांची नोटीस देऊन कोणताही नागरिक थेट कोर्टात तक्रार करू शकतो. हे कलम ५५ फार कमी लोकांना माहीत आहे.

श्रीनिवासच्या प्रकरणाकडे परत येऊ. त्या शेताला झटका मशीन असती, डुकरांच्या नुकसानीचा पंचनामा वेळेवर होऊन पैसे हातात पडले असते, किंवा शेजारच्या कुणी तार बघून एक फोन केला असता, तर वाघ वाचला असता. आणि एक शेतकरी तुरुंगाच्या दारापर्यंत गेला नसता. पुढच्या वेळी अशी बातमी आली आणि कमेंटमध्ये 'फाशी द्या' विरुद्ध 'शेतकरी वाचवा' सुरू झालं, तर हे तिन्ही प्रश्न आधी विचारून बघा. गावात सौरकुंपण होतं का? भरपाई मिळाली होती का? आणि तार किती जणांना माहीत होती?